ओटा कुणाच्या हिशेबात?

बचत गटाच्या कर्जमागणीच्या अर्जात ‘कर्जाचं कारण’ असा एक रकाना असतो. शिलाई मशीन, म्हैस, मुलीची फी, दवाखाना, लग्न, जुनं कर्ज फेडायला असं काहीबाही त्यात लिहिलेलं असतं. कारण वाचून गट ते कर्ज उत्पादक की अनुत्पादक हे ठरवतो, आणि त्यावरून रक्कम आणि हप्ते ठरतात. पुण्यातल्या एका वस्तीतल्या गटाच्या बैठकीत मी बसले होते. एका बाईंनी चाळीस हजार मागितले होते. कारण लिहिलं होतं, ‘स्वयंपाकाचा ओटा’. बायका हसल्या. ‘ही हौस झाली ग, कर्ज कशाला?’ असं एकजण म्हणाली आणि अर्ज बाजूला गेला. त्याच बैठकीत दुसरीच्या मुलाच्या मोटारसायकलीसाठी पैसे मंजूर झाले. तो कामावर जाणार, म्हणून ते उत्पादक. आणि आदल्याच महिन्यात पोळीभाजी करून विकणाऱ्या एकीला अगदी ओट्यासाठीच कर्ज दिलेलं होतं.

म्हणजे ओटा तोच, कणीक तीच, उभं राहून दुखणारे पायही तसेच. एकीच्या पोळ्या गिऱ्हाइकाच्या पोटात जातात म्हणून तिचा ओटा धंदा ठरतो. दुसरीच्या पोळ्या घरातच खाल्ल्या जातात, म्हणून तिची हौस. मैत्रिणींनो, घरकाम हे काम आहे हे आपण गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं शिबिरांतून सांगत आलो आहोत. भिंतीवर चिकटवलेल्या पोस्टरवर दहा हातांची बाई आपणच काढली. मग आपल्याच गटाच्या वहीत हे काम अनुत्पादक कसं राहिलं?

१९७५ साली प्रेमा पुरव यांनी मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांचं. त्या बायका सावकाराच्या विळख्यात होत्या, आणि बँकेच्या दृष्टीने त्या कुणीच नव्हत्या. त्यांची भट्टी म्हणजे त्यांच्या राहत्या खोलीतलाच स्टोव्ह. त्यांना बँकेचं कर्ज मिळालं ही मोठीच गोष्ट झाली. पण विकलेल्या जेवणापलीकडे ही ओळख गेली नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे रोजचे सरासरी २९९ मिनिटं घरच्यांसाठीच्या बिनपगारी कामात जातात असं आढळलं. जे पुरुष हे काम करतात त्यांची ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. बायकांची दहा मिनिटं वाचली, तर पुरुषांनी आपली नऊ वाचवून घेतली! या पाच तासांतले बरेचसे जिथे जातात ती जागा कशी आहे, किती उंच आहे, तिथे धूर कुठून बाहेर जातो, याची चर्चा मात्र आपण ‘गृहिणींसाठी’ निघणाऱ्या गुळगुळीत मासिकांवर सोडून दिली आहे.

यामागे कारणं आहेत, ती मी नाकारत नाही. ‘चूल आणि मूल’ यातून बाहेर पडायला निघालेल्या चळवळीने चुलीच्या सजावटीविषयी का बोलावं? स्वयंपाकघर आपल्या चळवळीत आलं ते दोन वाटांनी. एक १९७२ च्या महागाईविरोधी लाटणं मोर्चाची. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत हजारो बायका थाळ्या वाजवत रस्त्यावर आल्या. दुसरी वाट जळालेल्या सुनांची. ‘स्टोव्हचा भडका उडाला’ एवढ्या एका वाक्यावर पंचनामे संपत होते तेव्हा बायकांच्या संघटनांनी ती दारं ठोठावली आणि १९८३ व १९८६ मध्ये कायदे बदलून घेतले. लाटणं आणि भडका, यांच्या मधला जो रोजचा ओटा, तो राहूनच गेला. समाजकार्याच्या शिक्षणातही तेच. एम.एस.डब्ल्यू. करताना गृहभेटीचा जो छापील फॉर्म आम्ही भरायचो त्यात पाणी, संडास, वीज यांचे पोटप्रश्न होते आणि स्वयंपाकघराला एकच ओळ, ‘स्वतंत्र आहे / नाही’. आहे, तर कसं आहे, हे कुणाला विचारायचंच नव्हतं.

म्हणून या वेळी संपादकीयात ओट्याविषयीच लिहायचं ठरवलं. थोड्या पैशात स्वयंपाकघर दुरुस्त करायचं तर काय काय पाहायचं, आणि ते पाहताना बाईचा हक्क कुठे कुठे निसटतो.

त्या अर्जवाल्या बाई घरकामगार आहेत. चार घरची भांडी आणि दोन घरचा स्वयंपाक करतात. त्यातल्या दोन्ही घरी ग्रॅनाइटचा ओटा, चिमणी, खेचायच्या ट्रॉल्या. स्वतःच्या घरी फुटलेल्या शहाबादी फरशीचा कट्टा, त्याखाली कायमची ओल आणि झुरळं. नवऱ्याने चौकातल्या दुकानातून अंदाज आणला, एक लाख चाळीस हजार. त्यात रंगीत कपाटांचेच निम्म्याहून जास्त. बाईंकडे भिशीचे वीस हजार होते. गटाचे चाळीस मिळाले तर साठ. तिसऱ्या बैठकीत ते मंजूर झाले, आणि मग आम्ही पाच-सहाजणींनी बसून साठ हजारांचा हिशेब मांडला.

आधी नऊ हजार बाजूला काढले. जुनी भिंत फोडली की आत काय निघेल ते गवंड्यालाही माहीत नसतं. दहा-पंधरा टक्के राखीव ठेवल्याशिवाय काम सुरू करायचं नाही, नाहीतर शेवटी मंगळसूत्र गहाण पडतं. मग चौदा हजार नळ, सांडपाण्याची नळी आणि गळतीसाठी. हे पैसे दिसत नाहीत म्हणून घरातले पुरुष यावर काट मारतात, पण ओल न काढता वर चकचकीत टाइल लावली तर दोन पावसाळ्यांत ती फुगून येते. सात हजार वायरिंग, अर्थिंग आणि चुलीवरच्या पंख्यासाठी. ओटा आणि सिंक अठरा हजार. टाइल फक्त ओट्यामागे दोन फूट, पाच हजार. तीन हजारांत पत्र्याची मांडणी आणि दोन फळ्या. कपाटं नाहीतच. खाली पडदा. कपाटं पुढेही करता येतात, आणि एकेक करून करता येतात. भिंतीतली नळी मागाहून बदलायची तर सगळं पुन्हा फोडावं लागतं. सिंक होतं तिथेच ठेवलं, कारण ते पलीकडच्या भिंतीला नेलं की सांडपाण्याचा उतार, फरशी, सगळंच बदलतं. गवंड्याने वास्तुशास्त्र काढून चुलीचं तोंड पूर्वेला फिरवायचा आग्रह धरला. त्या फिरवण्याचा खर्च त्यालाच वेगळ्या कागदावर लिहायला लावला. कागद पाहून सासूबाईच म्हणाल्या, राहू दे.

आता उरले चार हजार. ते कशाचे हे सांगण्यासाठीच मी हा हिशेब इतका उलगडून सांगते आहे. ओट्याचं काम दहा दिवस चालणार. त्या दहा दिवसांत घरात जेवण कोण करणार, कुठे करणार? जिथे जिथे मी हे पाहिलं आहे तिथे बाई शेगडी उचलून बाहेरच्या खोलीत, कॉटच्या पायाशी नेते, सिमेंटच्या धुळीत भाकऱ्या थापते आणि बाथरूममध्ये भांडी घासते. शिवाय गवंड्यावर लक्ष ठेवायला रजा टाकते ती तीच. या कशाचाच खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात धरलेला नसतो, कारण तो बाईच्या अंगावर काढलेला असतो. आम्ही तो धरला. दहा दिवस एक वेळची पोळीभाजी बाहेरून, आणि बाईंचे बुडणारे खाडे. गटातल्या ज्या बाईला आधी पोळीभाजीसाठी कर्ज मिळालं होतं तिच्याकडूनच डबा आला. नवरा पहिले दोन दिवस कुरकुरला. होऊ दे.

उंचीचा मुद्दा पैशाइतकाच महत्त्वाचा. गवंड्याच्या डोक्यात एक माप पक्कं बसलेलं असतं आणि बाईला उभी करून मोजण्याची पद्धतच नाही. ओट्याची उंची कोपरावरून ठरते. सरळ उभं राहून हात कोपरात वाकवायचा. कोपरापासून चार ते सहा इंच खाली चिरण्या-कापण्याची पातळी आली पाहिजे. पाच फूट उंचीच्या बाईचं कोपर जमिनीपासून साधारण सदतीस-अडतीस इंचांवर येतं, म्हणजे तिचा ओटा बत्तीस-तेहतीस इंचांचा. पण शेगडी त्यावर ठेवली की चार-पाच इंच वाढतात, वर पातेलं. कडेचा भाग थेट छातीशी येतो. वरण ढवळताना खांदे उचललेले, उतू जाणारं दूध उतरवताना हात ताठ, आणि वाफ तोंडावर. म्हणून शेगडीपुरता ओटा चार-पाच इंच खाली घ्यावा. खर्च एका जादा उभ्या कडप्प्याचा. सिंकचं उलट आहे. भांडं घासलं जातं ते सिंकच्या तळाशी, काठावर नाही. तळ सात-आठ इंच खोल असेल तर बाई तासभर कमरेत वाकूनच असते. सिंकचा काठ दोन-तीन इंच वर घ्यावा, किंवा उथळ सिंक बसवावं. हे जर आपल्या घरकामगार मैत्रिणींना आधी विचारलं असतं तर त्यांच्या मालकिणींच्या लाखमोलाच्या स्वयंपाकघरांतही कंबर मोडणारी सिंकं बसली नसती. त्या सिंकपाशी मालकीण क्वचितच उभी राहते.

आम्ही गटातल्या बायकांना समाजमंदिराच्या फरशीवर खडूने आपापला ओटा, नळ, फडताळ काढायला लावलं आणि मनातल्या मनात आमटी-भात करत चालायला सांगितलं. फार हसल्या. पण डबे एका टोकाला, चूल दुसऱ्या टोकाला आणि पाण्याचं पिंप दाराबाहेर हे पायांनी मोजलं तेव्हा प्रत्येकीला काय हलवायचं ते कळलं, आणि त्यातलं बरंचसं फुकटात हलवण्यासारखं होतं. ज्या आजींचे गुडघे गेले आहेत त्यांनी उभ्याचा ओटाच नको म्हटलं. ठीक आहे. त्यांच्यासाठी उंच स्टूल, आणि चिरायला बसकं टेबल. आधुनिक म्हणजे उभं राहणंच, असं काही नाही.

एक सुरक्षिततेची गोष्ट. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. सिलिंडर ओट्याखाली बंद कपाटात ठेवायचं असेल तर कपाटाला तळाशी भोकं हवीत. सिलिंडर नेहमी उभं, आणि शेगडी त्याच्याहून उंच. प्लग नळापासून दूर. एवढंसं वाटतं, पण आपल्या संघटनांच्या कपाटात जळीताच्या किती फायली आहेत ते आपल्याला माहीत आहे.

मापाचा विषय निघालाच आहे तर एक जुनी गोष्ट सांगते. १९२६ साली फ्रँकफुर्ट शहरात कामगार वसाहतींसाठी मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन बाईने एक स्वयंपाकघर आखलं. जवळपास १.९ मीटर बाय ३.४ मीटर. प्रत्येक पाऊल, प्रत्येक हालचाल मोजून. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली, आणि आजच्या मॉड्युलर किचनची ती आजी. ही बाई डाव्या विचारांची होती, पुढे नाझींच्या तुरुंगात गेली. बाईचे कष्ट वाचावेत हाच तिचा हेतू होता. पण त्या अरुंद पट्टीत एकच माणूस मावायचा, आणि तो माणूस बाईच असणार हे गृहीत होतं. पुढच्या काळात स्त्रीवाद्यांनी नेमकं हेच दाखवून दिलं. आपल्याकडच्या बिल्डरच्या घरात, पुनर्वसनाच्या इमारतीतही तीच पट्टी आहे. ‘आत जागाच नाही, मी मदतीला येऊ कुठे?’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. म्हणून जिथे भिंत हलवणं हातात आहे तिथे दोन माणसं पाठीला पाठ लावून वावरतील इतकी वाट, साडेतीन-चार फूट, ठेवा. नसेल तर ओट्याचा एक तुकडा बाहेरच्या खोलीत काढा, जिथे मुलगा बसून भाजी निवडेल. जागा झाली म्हणजे तो निवडेलच असं नाही. पण सबब तरी एक कमी होते.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. हा ओटा ज्या घरात बसतोय ते घर कुणाचं?

बांगडी मोडून, भिशी लावून, पगारातून हप्ता फेडून बाई ज्यात पैसे घालते ते सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावरचं घर असतं. बांगडी तिची होती. कायद्याने स्त्रीधन निव्वळ तिचंच. त्याचा दगड-सिमेंट झाला की ते भिंतीला चिकटतं आणि भिंतीच्या मालकाचं होतं. घर सोडायची पाळी आली तर मिक्सर नेता येतो, ओटा नेता येत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, घर तिच्या नावावर असो वा नसो. २००६ च्या एका निकालाने सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घरातून तो जवळजवळ काढून घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा खटल्यात तो परत मिळवून दिला. पण हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही. म्हणून मी गटाच्या बायकांना आग्रहाने सांगते, की दगडाचं, टाइलचं, सिंकचं बिल स्वतःच्या नावाने घ्या. पैसे स्वतःच्या खात्यातून द्या. दागिना मोडला तर सराफाची पावती त्याच पिशवीत ठेवा. उद्या पोटगीचा, भरपाईचा दावा करावा लागला तर ‘हिने घरात काय घातलं?’ या प्रश्नाला कागदाने उत्तर देता येतं. कुणी म्हणेल, संसारात असा हिशेब करायचा? दुकानाचं शटर बसवताना नवरा पावती कुणाच्या नावाने फाडतो ते बघा.

आणि खर्च करायच्या आधी नाव लावायचा विषय काढा, नंतर नाही. ओटा करायचा म्हणून सगळं घर बाईच्या पैशाकडे बघत असतं, तेव्हाच तिच्या शब्दाला वजन असतं. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला दोघांची नावं लावून घेता येतात. तो मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, तरी पहिली पायरी आहे. झोपडपट्टी पुनर्वसनात सदनिका नवरा-बायको दोघांच्या नावाने देण्याची तरतूद आहे. एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या एकटीच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. घर भाड्याचं असेल, किंवा वस्तीवर पुनर्वसनाची टांगती तलवार असेल, तर भिंतीत पैसे गाडू नका. स्टीलचं सुटं टेबल, सुटं सिंक, सुटी मांडणी, चांगली शेगडी असं उचलून नेता येईल तेच घ्या. आमच्या बाईंच्या वस्तीचं सर्वेक्षण कधी होतंय ते महापालिकेत विचारून आल्यावरच आम्ही वायरिंगचे सात हजार ठरवले.

दगड निवडताना आणखी एका माणसाचा विचार करायला हवा. कडप्पा स्वस्त पडतो, पण तो चुनखडीचा, लिंबू-चिंचेने त्यावर डाग पडतात. म्हणून पाय कडप्प्याचे आणि वरचा थर ग्रॅनाइटचा, हा मध्यममार्ग बरा. तो कापताना ग्राइंडरच्या धुळीतली सिलिका कामगाराच्या फुप्फुसात जाऊन बसते, आणि सिलिकोसिसला इलाज नाही. आता श्रीमंतांच्या घरात कृत्रिम क्वार्ट्झचे ओटे आले आहेत. त्यात सिलिकेचं प्रमाण फारच जास्त. कामगार मरू लागले म्हणून ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली. आपल्याकडे निदान एवढं करता येतं, की दगड कापताना पाणी सोडायला लावायचं, कापाई घराबाहेर उघड्यावर, आणि मास्क. पाण्याने चिखल होतो म्हणून गवंडी टाळतो. चिखल पुसता येतो.

गवंड्यासोबत पाटी उचलायला जी बिगारी बाई येते तिची मजुरीही विचारा. आमच्या बाईंकडे आलेल्या बिगाऱ्यांत पुरुषाला एक दर आणि बाईला त्याहून दोनशे कमी असा ठेका ठरलेला होता. समान वेतनाचा कायदा देशात १९७६ साली झाला. बाईंनी ठेकेदाराला सांगितलं, दोघांना सारखे द्या, नाहीतर मीच हातात देते. चार दिवसांचे आठशे रुपये जास्त लागले. ते राखीव नऊ हजारांतून दिले. त्यावरून गटाच्या पुढच्या बैठकीत चांगलंच भांडण झालं. गटाच्या कर्जातून ठेकेदाराची लबाडी का भरून काढायची, असं एकीचं म्हणणं. आठशेत आणखी दोन फळ्या झाल्या असत्या, असं दुसरीचं. ती बिगारी बाई आपल्याच शेजारच्या गटात आहे हे तिसरीने सांगितलं. भांडण अजून मिटलेलं नाही.

अर्जातला रकाना मात्र या गटाने बदलला आहे. घराच्या कर्जांत ओटा, मोरी, संडास आणि धुराची खिडकी यांना शेतीच्या कर्जाइतकेच, म्हणजे चोवीस हप्ते मिळतात. अट एकच, बिल बाईच्या नावाचं हवं. तुमच्या गटात अशी कर्जं दिली जातात का, किती रकमेची, परतफेडीचा अनुभव काय, नाव लावण्याची अट कुणी घातली आहे का, आणि घरच्यांनी ती कशी घेतली, हे पत्राने कळवा. ओट्याचं माप कळवलंत तर बाईची उंचीही लिहा.